झालेल्या नोटिसा

वकिलाचा निम्मा वेळ कागद शोधण्यात जातो आणि उरलेला निम्मा तो कागद का सापडला नाही हे पक्षकाराला पटवण्यात, असं मी तेव्हा सगळीकडे सांगत असे. सभेत सांगे, लिफ्टमध्ये सांगे, माझी दाढी करणाऱ्या न्हाव्याला तर त्याच्या हातात वस्तरा असतानाही सांगे. वाक्य माझं स्वतःचं होतं आणि माझ्या फार आवडीचं होतं. त्याला मी शेपूट जोडत असे, "आणि हे सगळं मी बदलणार आहे."

बदललं. कसं, ते सांगतो. सांगताना मान वर होणार नाही, तेवढं सांभाळून घ्या.

आमची कंपनी दोन माणसांची. एक मी. दुसरा माझा कॉलेजपासूनचा भागीदार, ज्याला आम्ही सगळे शंकेखोर म्हणतो, कारण लिफ्टचं बटण दाबल्यावरही तो जिन्याकडे बघत उभा राहतो. एका दाताच्या दवाखान्याच्या वरची खोली आम्ही घेतली होती. फोनवर बोलताना खालून ड्रिलचा आवाज यायचा आणि पलीकडच्या वकिलाला वाटायचं, यांच्याकडे मोठी यंत्रं चालतात. तो गैरसमज मी कधी दूर केला नाही.

आम्ही बनवलेल्या प्रोग्रामचं नाव 'तडक'. कागदाचा फोटो काढून द्यायचा, पुढचं काम तडकचं. कागद कसला आहे ते तो वाचून ओळखायचा, त्यातलं काय करायचं राहिलंय ते शोधायचा आणि करून टाकायचा. नोटीस असेल तर जुनी तारीख काढून आजची घालायचा, ज्याला पाठवायची त्याचा आत्ताचा पत्ता आणि फोन नंबर हुडकायचा आणि एकाच वेळी दोन्हीकडून पाठवायचा. कागद पोस्टाने, मजकूर फोनवर. शिवाय नोटीस मिळालेल्या माणसाचा फोन ती मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि वाचन पुरं होईपर्यंत ते बंद करता यायचं नाही. 'मी वाचलीच नाही' असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून ही सोय मी स्वतः सुचवली होती. हे लक्षात ठेवायची गरज नाही. मी विसरलो नाहीये, तेवढं पुरे.

वकील संघाचे सात जण शुक्रवारी प्रात्यक्षिक बघायला यायला तयार झाले. त्यांची एकच अट होती. खऱ्या ऑफिसात, खऱ्या कागदांवर दाखवा. खरं वकिली ऑफिस माझ्या ओळखीत एकच होतं. माझ्या सासऱ्यांचं.

सासऱ्यांना आम्ही नाना म्हणतो. चाळीस वर्षं एकाच खोलीत वकिली. समोर पक्षकारांसाठी दोन खुर्च्या, त्यातल्या एकीची स्प्रिंग वर आलेली. जो लवकर उठावा असं वाटे त्याला नाना तिच्यावर बसवत. कोपऱ्यात टायपिस्टबाई. त्या तीस वर्षं तिथे होत्या आणि माझ्या बायकोला त्यांनी फ्रॉकमध्ये पाहिलेलं असल्यामुळे मला त्या अजून नवीन माल समजत. भिंतीशी एक लाकडी फडताळ, आणि त्यात लाल फितीने बांधलेलं सगळ्या गावाचं भांडण.

"बाबांच्या ऑफिसला हात लावू नकोस," बायको म्हणाली. "तुझ्या त्या यंत्राला दुसरीकडे कुठे तरी शिकव."

"अगं, त्यांचाच फायदा आहे."

"त्यांना फायदा नकोय. त्यांना ते फडताळ हवंय."

मी हसलो. जुन्या माणसांची मुलंही जुनीच निघतात, असं काहीसं मनात आलं असावं. नानांना मी सलग तीन संध्याकाळी गाठलं. चौथ्या संध्याकाळी ते म्हणाले, "जावईबापू, माझं तसं काही अडलेलं नाही. पण तुमचं माझ्यावाचून अडलंय असं दिसतंय. करा. फक्त कागद जागच्या जागी ठेवा."

मंगळवारी मी आणि शंकेखोर फोटो काढायला बसलो. गुरुवारी दुपारपर्यंत वरचे चार कप्पे झाले आणि आम्ही खालच्या कप्प्याशी आलो.

त्यात एकतीस नोटिसा होत्या. प्रत्येक व्यवस्थित टाईप केलेली, खाली नानांची सही, सोबत पत्ता लिहिलेलं पाकीट. आणि एकही पाठवलेली नाही. प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची छोटी बरोबरची खूण.

नाना कोर्टात निघाले होते. एक पाय बुटात, दुसरा बाहेर.

"नाना, या खालच्या कप्प्यातल्या नोटिसांचं काय?"

"झालेल्या आहेत त्या," ते म्हणाले, दुसरा पाय बुटात घातला आणि गेले.

आता 'झालेल्या' म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं. स्वयंपाक झाला म्हणजे तयार झाला, आता वाढायचा. आणि भांडण झालं म्हणजे होऊन गेलं, आता ते उकरायचं नाही. शब्द तोच. नाना भांडणाबद्दल बोलत होते आणि मी ताट घेऊन बसलो होतो. मला वाटलं, म्हातारा बिचारा लिहून ठेवतो आणि पाठवायला विसरतो. मला त्यांची दया आली. हो, दया.

"तो कप्पा राहू द्या," टायपिस्टबाई म्हणाल्या. "त्याला नाना कुणाला हात लावू देत नाहीत."

"बाई, याच सवयींमुळे कामं तुंबतात."

"निदान वाचून तरी बघा."

"वाचायला यंत्र आहे की," मी म्हणालो.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा टायपिंग सुरू केलं. त्या दिवशी त्यांच्या बोटांचा आवाज जरा जास्तच येत होता.

शंकेखोरने एका पाकिटावर बोट फिरवून मला दाखवलं. बोटावर धूळ होती. "इतकी धूळ बसेपर्यंत माणूस विसरत नाही रे. या मुद्दाम ठेवलेल्या असतील."

"तारखा जुन्या आहेत एवढंच. तडक बदलतो तारखा."

"एकदा नानांना नीट विचारू या का?"

"उद्या त्यांना थेट निकाल दाखवू. त्यांचं तोंड बघण्यासारखं होईल."

ते झालंच.

शुक्रवारी अकराला सातही वकील आले. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून खुर्च्या आणल्या. नाना कोट घालून आपल्या जागेवर बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "हे आमचे जावई. यांनी स्वतः बनवलंय." तीस वर्षांत त्यांनी कुणाची एवढी स्तुती केली नव्हती, असं बाईंनी मला नंतर सांगितलं. नंतर सांगण्याची खरं तर गरज नव्हती.

मी माझा फोन भिंतीवरच्या पडद्याला जोडला, म्हणजे माझ्या फोनवरचं सगळं सगळ्यांना मोठं दिसेल. माझं ते आवडतं वाक्य म्हटलं. दोघे हसले. मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'राहिलेली कामं : एकतीस.' मी बोट उचललं, थोडा वेळ तसंच धरलं, नाट्य यावं म्हणून, आणि दाबलं.

एकतीस. चोवीस. अकरा. शून्य. नऊ सेकंदांत.

टाळ्या पडल्या. एक उंच, पांढऱ्या मिशांचे ज्येष्ठ वकील तर खुर्चीतून अर्धे उठले. नानाही टाळ्या वाजवत होते. वाजवता वाजवता त्यांनी विचारलं, "पण गेलं काय?"

"तुमच्या राहून गेलेल्या नोटिसा, नाना. सगळ्याच्या सगळ्या."

नानांचे हात टाळीच्या मधोमध थांबले. "कुठल्या?"

"खालच्या कप्प्यातल्या."

त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. पुन्हा घातला. त्याच्याने काही बदललं नाही, तसा पुन्हा काढला.

तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. बाईंनी उचलला, ऐकला आणि नानांकडे दिला. आवाज एवढा मोठा होता की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"नाना, मी बेकरीवाला. अहो, माझ्या धाकट्या भावाच्या फोनवर एक बाई बोलतेय. म्हणतेय, मी त्याला कामचुकार आणि उधळा म्हणालो. आम्ही दोघं एकाच भट्टीसमोर उभे आहोत हो. हे कसं थांबवायचं?"

"पुरं होईपर्यंत थांबत नाही," शंकेखोर हळूच म्हणाला. प्रामाणिक माणूस.

नानांनी फोन ठेवला. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात, एखाद्या नवख्या पक्षकाराला समजवावं तसं बोलायला लागले.

"माणूस संतापून येतो. त्याला समोरच्याला नोटीस द्यायची असते. मी नाही म्हटलं तर तो दुसऱ्या वकिलाकडे जाईल आणि तो देईल. म्हणून मी लिहितो. त्याला हवी तेवढी कडक. वाचून दाखवतो, सही करतो, पाकिटावर पत्ता घालतो. आणि म्हणतो, टपालाचं काम तेवढं राहिलंय, आठ दिवसांनी येऊन घेऊन जा. बहुतेक जण येत नाहीत. रस्त्यात भेटले तर मान फिरवतात. मग मी लाल खूण करतो आणि खाली ठेवतो." त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. "हे माझं काम आहे, जावईबापू. बाकीचं टायपिंग."

पांढऱ्या मिशांचे वकील आपल्या बुटांकडे बघत होते. मला वाटलं, याच्या खाली आता जाता येत नाही. लाजेला तळ असतो असा माझा त्या वेळी समज होता.

माझा फोन थरथरला. तो पडद्याला जोडलेला होताच. भिंतीवर चार फुटी अक्षरांत आलं, 'आपणांस एक नोटीस आहे.' आणि तडकच्या त्या गोड आवाजाच्या बाईने, जिचा आवाज आम्ही चाळीस आवाजांतून निवडला होता, वाचायला सुरुवात केली.

"माझ्या अशील या आपल्या विवाहित पत्नी असून, त्यांच्या सांगण्यावरून आपणांस कळविण्यात येते की. एक. आपण माझ्या अशिलांच्या मेसेजना स्वतः उत्तर न देता त्या कामी एक यंत्र नेमले आहे."

मी फोनवर झडप घातली.

"दोन. सदर यंत्र माझ्या अशिलांच्या प्रत्येक मेसेजला 'अरे वा, छान, घरी आल्यावर बोलू' असे उत्तर देते."

शंकेखोरने पडद्याची वायर उपटली. भिंत काळी झाली. पण आवाज आता माझ्या हातातून येत होता. मी फोन खिशात कोंबला. आवाज खिशातून यायला लागला, जरासा घोगरा, पण शब्दन् शब्द स्पष्ट.

"तीन. माझ्या अशिलांनी स्वतःची नोकरी गेल्याचे आपणांस कळविले असता 'अरे वा, छान, घरी आल्यावर बोलू' असे उत्तर आले. चार. आपण घरी आलात. पाच. बोलला नाहीत."

मी फोन फडताळात टाकला आणि दार लावलं. लाकूड जुनं होतं, ते आवाज अधिकच घुमवायला लागलं.

"सबब, या नोटिशीपासून पंधरा दिवसांच्या आत आपण माझ्या अशिलांशी समक्ष बोलावे, अन्यथा त्या आपल्यापासून विभक्त होण्यासाठी योग्य ती कारवाई करतील." आणि शेवटी तिने तारीख वाचली. आजची. ती बदलायची सोय होतीच.

सात वकिलांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे, कारण खाली सही त्यांची होती. बिचाऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्याने जावयाला भर सभेत नोटीस बजावली.

"मसुदा उत्तम आहे," पांढऱ्या मिशांचे वकील अखेर म्हणाले. "मुद्दा चार आणि मुद्दा पाच वेगळे ठेवलेत, ते फार चांगलं केलंत." मग ते उठले आणि त्यांच्या मागोमाग सगळेच.

नोटीस सहा वर्षांपूर्वीची होती. ते उत्तर देणारं यंत्र माझी पहिली निर्मिती. तेव्हा मला त्याचा अभिमान होता. तीन आठवड्यांनी मी ते बंद केलं, तेही लाज वाटून नव्हे. माझ्या आईने गुडघा सुजल्याचं कळवलं आणि तिलाही 'अरे वा, छान' गेलं, म्हणून. त्याच सुमाराला बायको आठ दिवस माहेरी जाऊन राहिली होती. सासूबाईंना सर्दी झाली असावी, असं मी आपलं धरून चाललो होतो. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं.

"नाना," मी म्हणालो, "मी सगळ्यांना आत्ता माफीचा मेसेज पाठवतो. एका बटणात—"

"नाही," नाना म्हणाले. आवाज पहिल्यांदाच चढला होता. "फोन नाही, मेसेज नाही. एकेकाच्या दारात जायचं. पोस्टाची पाकिटं पोचायच्या आत. बाई बरोबर येतील, कारण तुम्हाला कुणी घरात घेणार नाही."

अशी आमची वरात निघाली. पुढे टायपिस्टबाई, हातात यादी. मागे मी.

बेकरीत धाकटा भाऊ मैद्याच्या पोत्यावर बसला होता. थोरला भट्टीकडे तोंड करून उभा होता, पाठीमागून तो एखाद्या शिक्षा झालेल्या मुलासारखा दिसत होता.

"चूक यंत्राची झाली," मी सुरुवात केली. बाईंनी मला कोपराने ढोसलं. "चूक माझी झाली. नोटीस नऊ वर्षांपूर्वीची आहे. ती पाठवायची नव्हतीच."

"तुमची चूक पाठवण्याची," धाकटा म्हणाला. "लिहून घेण्याची याची."

"कामचुकार हा शब्द नानांचा आहे," थोरला भट्टीला सांगत होता. "मी आळशी म्हणालो होतो."

"आणि उधळा?"

थोरल्याने भट्टीत एक लाकूड सारलं. मग म्हणाला, "तो माझा."

आम्ही तिथून निघालो तेव्हा दोघं वेगवेगळ्या परातींत कणीक तिंबत होते. मी पुढचा महिनाभर मुद्दाम त्या रस्त्याने जात होतो. तीन आठवडे बेकरीत दोन वेगळे गल्ले होते. चौथ्या आठवड्यात पुन्हा एक झाला. मी आत गेलो नाही. पाव मी दुसरीकडून आणतो.

अठरावं दार एका बाईंचं होतं. त्यांनी दार उघडलं आणि आम्ही काही बोलायच्या आत म्हणाल्या, "यांच्या फोनवर नोटीस आली आहे. मी फोन चालू ठेवलाय यांचा. कुणाचं कधी काही येत नाही त्याच्यावर. म्हणून आधी आनंदच झाला."

त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले होते. नोटीस शेजारच्या शिंप्याची होती, अकरा वर्षांपूर्वीची. रोज सकाळी क्लॅरिनेट वाजवून आपण त्रास देता, ते पंधरा दिवसांच्या आत बंद करावे.

"बंद झालं की," बाई म्हणाल्या.

माझ्याकडे माफीचं पाठ केलेलं भाषण होतं. सतरा दारांवर ते घासून गुळगुळीत झालं होतं. त्यातला एकही शब्द मला आठवेना. मी उंबऱ्यावर तसाच उभा राहिलो आणि पायपुसणं सरळ करायला लागलो.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. शिंपी बाहेर आला. गळ्यात टेप, चेहरा पडलेला. त्याने आमचं बोलणं ऐकलं असावं. "वहिनी, मी ती घ्यायला गेलोच नाही हो परत. त्याच आठवड्यात ते पँट उसवली म्हणून आले आणि दोन तास बसले. त्यांनी मला विचारलं, कुठला राग आवडतो? मला कुणी असलं कधी विचारलं नव्हतं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "या नोटिशीला उत्तर देता येतं का?"

"वहिनी, ती रद्दच आहे," मी घाईघाईने म्हणालो.

"रद्द कशी? पंधरा दिवस लिहिलंय. मला उत्तर द्यायचंय. यांचं क्लॅरिनेट अर्धा तास असायचं. या भावजींचं शिलाई मशीन सकाळी सातला सुरू होतं ते माझ्या उशीच्या भिंतीला लागून. अकरा वर्षं मी कुणाला बोलले नाहीये."

टायपिस्टबाईंनी पर्समधून वही काढली. "सांगा, मी लिहिते."

"लिहा, लिहा," शिंपी म्हणाला, आणि आपल्या घरातून त्या दोघींसाठी दोन स्टुलं घेऊन आला. मला त्याने स्टूल आणलं नाही. बाई सांगत होत्या, टायपिस्टबाई लिहीत होत्या आणि शिंपी मधूनच म्हणत होता, "सातला नाही, पावणेसातला. खरं तेच लिहा." मी जिन्यात उभा राहून वाट पाहिली. पुढे ते मशीन दुसऱ्या भिंतीशी गेलं, असं ऐकलं.

एकतीसातल्या एकाने मात्र नोटीस मिळताच दुपारीच माणसं लावून आपलं तुंबलेलं गटार साफ करून घेतलं आणि वर आम्हाला दारात चहा दिला. परतल्यावर मी नानांना ते सांगणार होतो. "बरं का नाना, एका ठिकाणी फायदाही—" एवढं म्हटलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं.

तीन दिवसांत तीस दारं झाली. एकतिसावं दार माझंच होतं.

म्हणजे त्या तीन दिवसांत मी घरी जातच होतो. पण बायको काही बोलत नव्हती आणि मी दमल्याचं सोंग करून झोपत होतो. मुद्दा चार आणि मुद्दा पाच, पुन्हा एकदा. हे माझ्या ध्यानात आलं ते सोमवारी संध्याकाळी, आमच्याच दारात, चावी फिरवताना. मी चावी काढून घेतली आणि बेल वाजवली.

तिने दार उघडलं. ती नकाशे काढते. नोकरी गेल्यावर तिने घरीच ते काम सुरू केलं होतं, आणि आता मोठमोठी ऑफिसं तिच्याकडे येतात. बोटांना शाई होती.

"चावी हरवली?"

"नाही. मी समक्ष आलोय," मी म्हणालो. "एकतिसावा."

ती बाजूला झाली. मी खुर्चीच्या कडेवर बसलो. नानांकडच्या स्प्रिंगवाल्या खुर्चीची सवय झाली होती.

"वाचलीस की ऐकलीस?" तिने विचारलं.

"ऐकली. सात वकिलांबरोबर."

तिने ओठ घट्ट मिटले. हसू दाबत होती की दुसरं काही, मला कळलं नाही, आणि कळत नाही हे मी पहिल्यांदाच कबूल केलं. "तुला काय वाटतंय ते मला ओळखता येत नाहीये," मी म्हणालो. "सहा वर्षांपूर्वीही येत नव्हतं, पण तेव्हा मी विचारलंही नाही. नोकरी गेली त्या दिवशी काय झालं होतं?"

मग तिने सांगितलं. सहा वर्षांनी. साहेबाने सगळ्यांसमोर तिचा नकाशा दुसऱ्याच्या नावावर दाखवला, ती बोलली, आणि संध्याकाळपर्यंत तिचं टेबल रिकामं झालं. खोका हातात घेऊन ती बसथांब्यावर उभी होती. तिथून तिने मला मेसेज केला. उत्तर तीन सेकंदांत आलं. "एवढ्या लवकर तू कधीच उत्तर देत नाहीस," ती म्हणाली. "क्षणभर मला वाटलं, धावत येतोस की काय."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"मग पाठवली का नाहीस ती नोटीस?"

"नवव्या दिवशी तू आलास. आईसाठी सर्दीचं औषध घेऊन. चार दुकानं फिरलो म्हणालास. आईला सर्दी नव्हतीच." ती शाईची बोटं पुसत होती. "मला वाटलं, हा माणूस मूर्ख आहे, पण चार दुकानं स्वतः फिरला."

माझ्या संसाराचा सगळा आधार एका न झालेल्या सर्दीवर उभा आहे, हे असं मला कळलं.

आम्ही त्या दिवशी पुष्कळ बोललो. मी मध्ये फक्त दोनदाच बोलणं तोडलं, आणि दोन्ही वेळा तिने बोटं वर करून मोजून दाखवलं. उठताना मी हळूच विचारलं, "एक सांग. माझ्या नावाच्या अशा अजून आहेत का?"

"बाबांकडे एवढी एकच," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. दोन दिवस मी शीळ घालत हिंडलो. शंकेखोरलाही मोठ्या दिमाखाने सांगितलं, सहा वर्षांत फक्त एक नोटीस, ही काही वाईट कामगिरी नाही. त्याने नेहमीसारखं जिन्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "बाबांकडे एक?"

मी तसाच घरी गेलो. बेल वाजवली. बायकोने दार उघडलं.

"बाबांकडे एक म्हणजे?"

"अरे, त्यांचं वय झालं आता," ती म्हणाली. "स्वतःच्या वडिलांना किती टाईप करायला लावायचं? मी वकील बदलला."